त्रागीवरचा पांढरा घुमट

लेफ्कोनी बेट
मंगळवार, १५ एप्रिल

श्री. रेफिक कायाआल्प, निवृत्त नौदल कप्तान, इन्जिरकोय

महोदय,

आपली ओळख नाही. मी लेफ्कोनीच्या बंदर कार्यालयात मोजणी अभियंता आहे. पाण्याची खोली आणि किनाऱ्याची रेषा मोजणे हे माझे काम. हे पत्र कार्यालयाचे नाही, माझे आहे. फेरीबोटीवरचा पानोर्मितिस म्हणाला की तुम्हाला ग्रीक उत्तम येते, म्हणून ग्रीकमध्ये लिहिते. घडले ते असे:

१. गुरुवार, १० एप्रिल. माझी आत्या स्तामातिया (वय ७१) दरवर्षीप्रमाणे ईस्टरच्या आधी चुना आणि कुंचे घेऊन त्रागीवर गेली. तुम्ही त्याच खडकाला केचीजिक म्हणता. तिथे तिच्या तेवीस शेळ्या आहेत, संत जॉर्जचे एक खोलीएवढे चॅपेल आहे, पावसाच्या पाण्याची टाकी आहे आणि शेळ्यांसाठी दगडी डोण आहे. माणूस राहत नाही.

२. आत्याने चॅपेलला चुना लावला. थोडा उरला. उरलेला चुना टाकीच्या घुमटाला लावण्यात आला.

३. शनिवार, १२ एप्रिल. इन्जिरकोयच्या वर्तमानपत्रात लांबून काढलेला फोटो आला. मथळा: ‘केचीजिकवर ग्रीक रडार?’ खाली तुमचे मत: ‘घुमट पूर्ण गोल, व्यास सुमारे तीन मीटर. रडारवरचे आवरण असण्याची दाट शक्यता.’

४. रविवार, १३ एप्रिल. सकाळी ६.४० वाजता तुर्की गस्ती नौका आली. ७.२५ वाजता आमची. दोन्ही खडकापासून चारशे मीटरवर समोरासमोर नांगर टाकून आहेत.

५. सोमवार, १४ एप्रिल. त्रागीवर जाण्यास सर्वांना बंदी. सर्वांत आत्या आली.

आता शेळ्यांविषयी. टाकीत पाणी भरपूर आहे, पण शेळ्यांचे तोंड तिथे पोचत नाही. आत्या बादलीने उपसून डोण भरते. दहा तारखेला सकाळी डोणीत १३०० लिटर होते. तेवीस शेळ्या रोज साधारण ६९ लिटर पितात आणि १५ लिटर उन्हाने उडते. शुक्रवारी, २५ एप्रिलला संध्याकाळी डोण कोरडी पडेल.

ती पाण्याची टाकी आहे हे आमचे सरकार लेखी सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न ‘टाकी कोणाची’ हा असेल. तुमचे सरकार याच कारणासाठी विचारत नाही. आमच्या बंदरप्रमुखांनी माझ्याकडून घुमटाचे रेखाचित्र मागवले. त्यात ‘उपयोग: पाणी साठवणे’ असा रकाना होता. तो रकाना काढून चित्र पुन्हा द्या, असे वरून आले.

तुमच्या एका वाक्याने हे सुरू झाले. दुसऱ्या वाक्याने थांबवावे, ही विनंती. फेरी मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी असते. उत्तर गुरुवारच्या फेरीने मिळावे.

मिर्सिनी वालसामी


इन्जिरकोय
गुरुवार, १७ एप्रिल

पोरी मिर्सिनी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा कौतुकाने आणि तिसऱ्यांदा बायकोला वाचून दाखवायला. माझी आजी क्रीटहून इथे आली ती एकही तुर्की शब्द न घेता. मी तिच्या मांडीवर शिकलो ती तुमची भाषा. तेव्हा माझे शब्द जुनाट वाटले तर आजीला दोष दे.

मी नौदलाच्या शाळेत बावीस वर्षं व्यूहशास्त्र शिकवलं. मुलांना सांगायचो, चांगल्या बनावाला तीन गोष्टी लागतात: एक म्हातारी बाई, काही जनावरं आणि नेमके आकडे. तुझ्या पत्रात तिन्ही आहेत. मी वर्गात वाचून दाखवलं असतं.

म्हणून तीन प्रश्न. ज्या खडकावर माणूसच नाही, तिथल्या टाकीला कोण शहाणा चुना लावतो? दुसरा, त्या घुमटाची खालची कड कंपासने काढल्यासारखी आहे. एकाहत्तर वर्षांच्या बाईचा हात असा चालतो? माझा तर चहाच्या पेल्यालाही नीट लागत नाही. आणि तिसरा, मी आज पाच दिवस दुर्बीण लावून बसलोय. शेळी म्हणजे जे उंच दिसेल त्यावर चढणारं जनावर. मग एकही शेळी घुमटावर का नाही? विजेचा झटका बसतो का?

मुअझ्झेज, म्हणजे माझी बायको, म्हणते, “त्या पोरीला विचारा, तुमच्या रडारला खाली तोटी आहे का.” ती माझ्या बाजूने नसते. चाळीस वर्षांत कधी नव्हती.

सोबत आमच्या भाजीच्या बागेतली हाथीचोकं पाठवतोय. ही लाच नाही. यंदा जास्त आली आहेत.

रेफिक


लेफ्कोनी
शनिवार, १९ एप्रिल

कप्तान साहेब,

प्रश्नांची उत्तरे क्रमाने.

पहिला. लेफ्कोनीत ईस्टरच्या आधी जे हलत नाही त्याला चुना लागतो. पायऱ्या, कठडे, फरशांमधल्या फटी, झाडांचे बुंधे, विहिरीची कडा. पानोर्मितिसची मोटरसायकल गेल्या वर्षी तीन दिवस एका जागी उभी होती. तिची चाके अजून पांढरी आहेत. कोणी पाहणार आहे की नाही, हा विचार यात नसतो. उरलेला चुना घरी परत आणणे वाईट समजतात.

दुसरा. आत्याचा हात चांगला आहे.

तिसरा. ताजा चुना शेळ्यांच्या खुरांना झोंबतो आणि वासही येतो. त्या दहा-बारा दिवस जवळ जात नाहीत. एरवी घुमट त्यांचाच असतो, म्हणून तर तो वर्षभर राखाडी दिसतो आणि तुम्हाला कधी दिसला नाही.

घुमटाचा व्यास २.९४ मीटर आहे. तुमचा अंदाज सहा सेंटिमीटरने चुकला. दोन हजार शंभर मीटरवरून हे चांगले आहे. तोटी नाही.

हाथीचोकांची टोपली बघून आत्या म्हणाली, “हा शत्रू आहे की भाजीवाला?” मी म्हटले, निवृत्त कप्तान आहे. “म्हणजे दोन्ही,” ती म्हणाली आणि सोलायला बसली. तिने चार लाल अंडी बांधून दिली आहेत. आज रात्री चर्चमधून आल्यावर आम्ही ती एकमेकांच्या अंड्यांवर आपटतो. ज्याचे फुटत नाही, त्याचे वर्ष चांगले जाते. तिचा निरोप जसाच्या तसा: “त्याला सांग, माझ्या शेळ्यांची नावे आहेत. हवी तर सगळी तेवीस लिहून पाठवते. रडारची नावे ठेवतात का?”

डोणीत आज सकाळी ५४४ लिटर असावेत. मोजायला जाता येत नाही, म्हणून ‘असावेत’.

मिर्सिनी वालसामी


इन्जिरकोय
शनिवार, १९ एप्रिल, संध्याकाळ

मिर्सिनी,

पानोर्मितिस धक्क्यावर भोंगा वाजवतोय, म्हणून घाईत लिहितो.

अंडी मिळाली. मुअझ्झेजने रात्रीची वाट पाहिली नाही, लगेच आपटली. माझी दोन्ही फुटली. तिची शाबूत आहेत आणि ती मला ती दाखवत घरभर फिरते आहे.

काल दुपारी मी दुर्बीण खडकावरून जरा पुढे नेली. तुमच्या बेटाच्या टोकावर काळ्या कपड्यांतली, पांढरा रुमाल बांधलेली एक बाई उभी होती. खडकाकडे बघत. मी चहा घेऊन आलो, ती तिथेच. बागेला पाणी घालून आलो, ती तिथेच. मी बावीस वर्षं बनाव शिकवले, पोरी. बनाव दीड तास उन्हात उभा राहत नाही.

तर माझं चुकलं. हे लिहायला तुला वाटतं तितकं सोपं नाही. मला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. आठ वर्षं मी चहाच्या दुकानातल्या कट्ट्यावर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतो आणि बाजारभावाच्या, हवामानाच्या गप्पा ऐकतो. त्या शनिवारी पेपर आला आणि मी आत शिरल्यावर चार माणसं उठून उभी राहिली. न मागता चहा आला. आता मी जाऊन सांगायचं, की मंडळी, ती शेळ्यांची टाकी होती.

तरीही सांगेन. पण माझ्या नुसत्या सांगण्याने बोटी हलणार नाहीत. वर्तमानपत्र माझ्या मेव्हण्याचं आहे. तो म्हणतो, “भाऊजी, फोटो छापून उठवलेली बातमी फोटोनेच बसेल. नाहीतर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला वरून कुणीतरी दम दिला.” आणि आमच्या नौकेवरचा कप्तान माझा विद्यार्थी आहे. त्याला हुकूम आहे, समोरचा हलल्याशिवाय हलायचं नाही. तुमच्यालाही तोच असणार. हे मीच त्याला शिकवलं. दुर्दैवाने पोरगा हुशार होता.

मला एक फोटो हवा. पांढरा घुमट आणि त्यावर एक शेळी. बस. पण तुझ्या हिशोबाने त्या अजून तीन दिवस चढणार नाहीत, आणि नंतर कधी चढतील ते त्यांनाच ठाऊक. मी जन्मभर ताफे हलवायला शिकवले. शेळी कशी हलवतात, ते आत्याबाईंना विचार.

रेफिक


लेफ्कोनी
मंगळवार, २२ एप्रिल

कप्तान साहेब,

विचारले.

आत्या त्रागीवर उतरली की आधी तांब्याची मोठी कढई पळीने वाजवते. शेळ्यांना त्याचा अर्थ ‘पाणी आले’ असा माहीत आहे. त्या धावत येतात आणि बोट कुठे लागते ते बघायला घुमटावर चढतात, कारण तिथून सगळे दिसते. आत्या म्हणाली, “मी दिसले नाही तर आणखी उंच चढतील. त्यांना माझ्यापेक्षा माझ्या कढईवर विश्वास आहे.”

बेटाच्या टोकापासून घुमट १४८० मीटरवर आहे. आवाज पोचतो का, हे आम्ही ईस्टरच्या दिवशी करून पाहिले. त्या दिवशी इथे इतके फटाके असतात की कढईकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

वारा नसताना: पाच शेळ्यांनी मान वर केली.
पश्चिमेचा हलका वारा असताना: अकरा उभ्या राहिल्या, चार चालू लागल्या. घुमटापर्यंत आल्या, हुंगले आणि थांबल्या.

म्हणजे आवाज पोचतो, चुन्याचा वास अडवतो. आत्याच्या मते उद्यापर्यंत वास जाईल. ती दरवर्षी बघते, मी बघितलेले नाही, म्हणून हा आकडा तिचा आहे.

उद्या बुधवार, २३ एप्रिल. सकाळी सहा ते आठ पश्चिमेचा हलका वारा आहे. सूर्य तुमच्या पाठीशी असेल, म्हणजे घुमटावर प्रकाश समोरून पडेल. कढई ७.१० वाजता सुरू होईल आणि दहा मिनिटे वाजेल. उद्या संत जॉर्जचा दिवस आहे. आमच्या नौकेवरच्या मुलांना आत्याने सांगितले आहे की चॅपेलला जाता येत नाही म्हणून ती संताला इथूनच हाक मारणार आहे. ते खरेच आहे. तिला दोन्ही कामे एका कढईत करायची आहेत.

गुरुवारी वारा फिरतो आहे. डोणीत आज २९२ लिटर असावेत. म्हणून उद्याच. तुम्ही तयार आहात का, हे आज संध्याकाळच्या फेरीने कळवा.

कट्ट्याविषयी तुम्ही लिहिले ते मी आत्याला वाचून दाखवले नाही.

मिर्सिनी


इन्जिरकोय
मंगळवार, २२ एप्रिल, संध्याकाळ

मिर्सिनी,

तयार.

मेव्हण्याचा कॅमेरा गच्चीवर मांडला आहे. तिपाईचा एक पाय आखूड आहे, त्याखाली माझं व्यूहशास्त्राचं पुस्तक घातलंय. मुअझ्झेज म्हणते, त्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला. ती वेळ बघणार, मी बटण दाबणार. तिला उलट हवं होतं.

माझ्या आयुष्यातली ही पहिली संयुक्त कारवाई आहे. समोरच्या बाजूशी संयुक्त, असं मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं.

रेफिक


इन्जिरकोय
गुरुवार, २४ एप्रिल

मिर्सिनी,

तुझ्या पद्धतीने लिहितो.

१. बुधवार, ७.१० ते ७.१३. काही नाही. आम्हाला कढई ऐकू येत नव्हती. मुअझ्झेज म्हणाली, “झोपली असेल तुमची आत्याबाई.”

२. ७.१४. सगळा कळप एकदम उठला. मी इतका चपळ ताफा पाहिला नाही.

३. ७.१५. एक शिंग मोडलेली तपकिरी शेळी घुमटापाशी आली. हुंगलं. मागे सरली. मुअझ्झेज म्हणाली, “चढ गं बाई, चढ, यांची अब्रू आहे वर.” आणि ती चढली.

४. ७.१६. वर तीन शेळ्या, एक करडू. त्यातल्या एकीने तिथेच उरलेल्या शंकेचंही निरसन केलं. तोही फोटो आहे. मेव्हण्याने तो छापला नाही, पण जपून ठेवला आहे.

आजचा पेपर सोबत आहे. मथळा मी दिला: ‘रडारला शिंगे आहेत’. खाली माझं नाव आणि पहिलं वाक्य: ‘१२ एप्रिलच्या अंकात याच पानावर मी जे सांगितले, ते चूक होते.’ मेव्हणा म्हणाला, “भाऊजी, ‘अपुरे होते’ लिहू.” मी म्हटलं, चूक लिही.

मग कट्ट्यावर गेलो. कुणी उठलं नाही. मी माझ्या कोपऱ्यात बसलो. मग मागच्या टेबलावरून कुणीतरी हळूच ‘बेंऽऽ’ केलं. आणि पोरी, अख्खा कट्टा हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मीही. चहा आला, मागितला नव्हता. आता जो येतो तो विचारतो, कप्तान, आज शेळ्यांची हालचाल काय म्हणते? गेल्या आठवड्यात ते माझ्यासाठी उठत होते, आता खुर्ची सरकवून जवळ बसतात. हे बरं आहे.

दुपारी चार वाजता दोन्ही नौकांनी नांगर उचलले. आधी कोणी उचलला, ते मी दुर्बिणीतून नीट पाहत होतो आणि मला सांगता येणार नाही. बहुतेक दोघांनीही वर्तमानपत्र वाचलं असावं. माझ्या विद्यार्थ्याने जाताना गच्चीकडे बघून टोपी काढली.

म्हणजे उद्या सकाळी आत्याबाई जाऊ शकतील. डोणीत पाणी किती निघालं, ते कळव. झोप लागणार नाही.

आणि एक प्रश्न उरलाच. तू दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चार शब्दांत दिलंस, बाकीच्यांना एकेक परिच्छेद. मी म्हातारा आहे, पण मोजता येतं. ती कड कोणी काढली?

रेफिक


लेफ्कोनी
शनिवार, २६ एप्रिल

रेफिककाका,

बंदी गुरुवारी रात्री उठली. काल सकाळी सहा वाजता आत्या आणि मी त्रागीवर गेलो. डोणीत चार बोटे पाणी होते, साधारण ६० लिटर. शेळ्या तेवीस, सर्व ठीक. मोडक्या शिंगाचीचे नाव देस्पिना आहे. आत्याने तिला आधी पाजले आणि तुमच्या पेपरातला फोटो तिच्यासमोर धरला. देस्पिनाने त्याचा कोपरा खाल्ला.

माझ्या १५ एप्रिलच्या पत्रात एक दुरुस्ती आहे. मुद्दा दोन: ‘उरलेला चुना टाकीच्या घुमटाला लावण्यात आला.’ तो मी लावला. आत्याचा गुडघा फेब्रुवारीपासून दुखतो, ती घुमटावर चढू शकत नाही. मी रजा टाकून तिच्याबरोबर गेले होते. घुमटाच्या टोकावर लोखंडी कडी आहे. तिला दोरी बांधली, दुसऱ्या टोकाला पेन्सिल, आणि सगळीकडून सारखी कड आखून घेतली. मग त्या रेषेपर्यंत चुना. चाळीस मिनिटे लागली. आत्या खालून म्हणत होती, “अगं, शेळ्यांसाठी आहे ते, राणीसाठी नाही.” कोणी पाहणार नाही, हे मलाही माहीत होते. वाकडी कड मला सोडून येता येत नाही.

आत्याने हाताने लावला असता तर कडेला ओघळ आले असते, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी चुना ओळखला असता. तुम्ही घुमट चुकीचा वाचला, पण तो तसा दिसावा अशी सोय मी केली होती. बंदरप्रमुखांनी घुमट कोणी रंगवला असे विचारले, तेव्हा मी ‘आमच्या कुटुंबातील व्यक्तीने’ असे लिहून दिले. ते खोटे नाही, पण पुरेही नाही. तुम्ही ‘अपुरे’ खोडून ‘चूक’ लिहिलेत, म्हणून हे लिहिते. सोमवारी कार्यालयातही सांगणार आहे. काय म्हणतील ते माहीत नाही. आधी तुम्हाला सांगितले.

आता कामाचे. या वर्षी संत जॉर्जचा सण चॅपेलमध्ये झाला नाही. आत्या म्हणाली की तो करायचाच. तुमच्याकडे याच संताला हिझिर म्हणतात आणि त्याचा दिवस ६ मे रोजी असतो, असे पानोर्मितिसने सांगितले. आमचे पाद्री आधी नाही म्हणाले. मग मी त्यांना जुन्या पंचांगाचा हिशोब करून दाखवला: त्यातला २३ एप्रिल आणि तुमचा ६ मे एकच दिवस आहे, तेरा दिवसांचा फरक फक्त मोजण्याचा आहे. ते बोटांवर तेरा मोजून म्हणाले, “संताला चालत असेल तर मी कोण?”

सण त्रागीवर नाही, लेफ्कोनीच्या टोकावर आहे, जिथून कढई वाजवली तिथे. ६ मे मंगळवार आहे, म्हणजे फेरीचा दिवस. भात, हाथीचोकांची भाजी, देस्पिनाच्या दुधाचे चीज. मांस कोणाचे, हे आत्याने ठरवले आहे. ज्यांची नावे आहेत त्यांच्यापैकी कोणी नाही. मुअझ्झेजकाकूंनी न फुटलेली अंडी सोबत आणावीत. आत्याकडे एक अंडे शाबूत आहे आणि तिला ते आपटून पाहायचे आहे.

तिने असेही सांगितले की त्या दीड तासात तीही माझी दुर्बीण लावून बघत होती, आणि तुमच्या गच्चीच्या कठड्याला चुन्याची गरज आहे. आमच्याकडे अर्धी पिशवी उरली आहे. परत जाताना ती घेऊन जा. कुंचा आणि दोरी मी देईन.

तुम्ही दोघे येणार का, आणि मेव्हणे धरून एकूण किती जण, हे शनिवार, ३ मेच्या फेरीने कळवावे.

मिर्सिनी